मदत हवी आहे: माळ्यावरून निघालेले चामड्याचे ट्रेकिंग बूट, वॉटरप्रूफिंग कसं करू?

भिजकी_वाट

मंडळी नमस्कार,

आतेबहिणीने तिचे चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे ट्रेकिंग बूट मला दिलेत. 2013 मध्ये उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये बेसिक कोर्स केला तेव्हा तिने घेतले होते. पुढे गुडघा कुरकुरायला लागला, ट्रेक सुटले आणि बूट माळ्यावर गेले. जाड मोजा घातला की मला मापात बसतात.

बेत असा आहे की डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा करायचा. म्हणजे 3,800 मीटरच्या आसपास आणि बर्फ. त्याआधी या पावसाळ्यात पेब, कोथळीगड अशा जवळच्या वाटांवर याच बुटांत पाय सरावून घ्यावेत.

चामडं गुळगुळीत, तपकिरी, चांगलं जाड आहे. गोरटेक्सचा (अस्तरातल्या पाणी अडवणाऱ्या पडद्याचा) वगैरे टॅग कुठे दिसत नाही. बोटांच्या मागे बूट वाकतो तिथे कोरड्या सुरकुत्या पडल्यात. जिभेवर आणि टाक्यांच्या कडेने पांढरी पूड आहे, पुसली की जाते आणि पुन्हा उगवते.

काय लावायचं याबद्दल घरातच तीन मतं आहेत. स्टेशनबाहेरचे मोचीकाका म्हणतात चेरी ब्लॉसम पॉलिश मारा, बास. सासूबाई म्हणतात खोबरेल चोळ, चामडं लोण्यासारखं होईल. नवऱ्याने यूट्यूब बघून मिंक ऑइल (चामड्याला लावायचं प्राण्याच्या चरबीचं तेल) ऑर्डर करायला घेतलं होतं, त्याला थांबवलंय. ती पांढरी पूड बुरशी आहे की आणखी काही?

आणि खरा प्रश्न. ट्रेकवरून ओले बूट घेऊन आले तर वाळवायचे कुठे? भांडुपला वन बीएचके, बाल्कनी नाही, जुलैत आमच्याकडे टॉवेल वाळत नाही. फ्रिजच्या मागे ऊब असते, पण स्वयंपाकघरात बूट ठेवले तर मलाच बाहेर वाळत घालतील.

दोन_लोकल

पावसाळ्यात चामडं विसरा. अ‍ॅक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट घाला, भिजू द्या, घरी येऊन बादलीत बुचकळा. निम्मा सह्याद्री त्याच बुटांत फिरलाय.

कातळपावली

दोन_लोकल यांचं पावसाळ्यापुरतं बरोबर आहे, कारण शेवटी सांगतो. पण ताईंना बर्फात जायचंय, त्यामुळे चामड्याला मोडीत काढू नका.

आधी पांढरी पूड. हेअर ड्रायर कोमटवर ठेवून त्या जागेवर धरा. पूड वितळून चामड्यात जिरली, तर ती पूर्वी लावलेल्या मेणाची किंवा कमावताना मुरवलेल्या चरबीची, आतून वर आलेली. तिचा त्रास नाही. तशीच राहिली, बारीक केसाळ दिसली आणि कुबट वास आला, तर बुरशी. मुंबईत माळ्यावरून निघालेला बूट म्हणजे मी तरी बुरशीच धरून चालेन. मग बूट घरात झटकू नका, गच्चीवर न्या. तोंडाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशने झाडा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात फडकं ओलं करा, घट्ट पिळा आणि पुसून घ्या. आधी जिभेच्या आतल्या बाजूला लावून रंग जात नाही ना ते बघा. आतला सुटा सोल आणि नाड्या सरळ नव्या घ्या.

आता लावायचं काय. चेरी ब्लॉसममध्येही मेण असतं, पण ते चकाकीपुरतं, पातळ. ऑफिसच्या बुटाला ठीक, बर्फाला पुरणार नाही. खोबरेलाबद्दल सासूबाईंना दुखवू नका, पण लावू नका. एक तर बुरशीला आयतं जेवण. दुसरं, खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं, केदारकंठ्याला काय होईल ते तुम्हीच बघा. मिंक ऑइल वाईट नाही, फक्त चामडं फार मऊ करतं, आणि घोट्याला आधार देणारा बूट मऊ पडून चालत नाही.

राहिलं मधमाशीचं मेण. तुमच्यासारख्या गुळगुळीत, अस्तरात पडदा नसलेल्या चामड्याला तेच. स्नो-सीलसारख्या तयार डब्या ऑनलाइन मिळतात. बूट स्वच्छ आणि पूर्ण कोरडा हवा. ड्रायरने हाताला सोसेल इतकाच कोमट करा. मेण बोटाने घ्या, फडक्याने नको, बोटाच्या उबेने ते पातळ होतं. हात अगदी हलका ठेवा. सगळ्यात जास्त वेळ टाक्यांवर घालवा, कारण सुईच्या भोकांतून पाणी आधी शिरतं. दुसरी जागा म्हणजे जीभ बुटाला जिथे घडी घालून शिवलेली असते ती, दोन्ही बाजूंनी. तिथे बोट जात नाही म्हणून बहुतेक लोक सोडून देतात. तिथे जुना टूथब्रश वापरा. रात्रभर मुरू द्या, सकाळी वरचं उरलेलं पुसून ब्रश मारा. रंग एक छटा गडद होणार आणि तो परत उजळणार नाही, हे आधीच मान्य करून टाका.

निकवॅक्स कंपनीचं पाण्यात मिसळलेलं मेण मिळालं तर त्याची रीत उलटी. ते ओल्या बुटावर लावायचं असतं. डबीवरचं वाचा.

आता पावसाळा. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, घाटात त्याहून जास्त. त्या पावसात पाणी चामड्यातून आत येतच नाही. पँट चिकटते, पोटरीवरून धार लागते, मोजा ती पितो आणि बूट वरून भरतो. कितीही मेण चोपडा. आणि उत्तम वॉटरप्रूफ बूट एकदा आतून भरला की तेवढ्याच इमानाने पाणी बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर पचक पचक. म्हणून हे बूट ऑक्टोबरपर्यंत ट्रेकला काढू नका.

ऊन_सावली

गोरटेक्सचा विषय निघालाच आहे तर, ज्यांच्या बुटात पडदा आहे त्यांनी हे घट्ट मेण लावू नये. पडद्यातून घामाची वाफ बाहेर जायची असते, वरून मेणाने चामडं बुजवलं की ती अडते. आणि नबक किंवा स्वेड, म्हणजे मखमली पोताचं चामडं असेल तर स्प्रेच बरा, मेणाने लव बसते आणि डाग दिसतो.

कातळपावली, पडदेवाले बूट पावसाळ्यात बरे पडतात असं मला वाटतं हं.

कातळपावली

थंडीत बरे पडतात. आत दमट आणि गरम, बाहेर कोरडं आणि गार असेल तेव्हा वाफ बाहेर पळते. कर्जतला जुलैत बाहेरची हवाच ओलीचिंब, वाफेने जायचं कुठे? पैसे वाया जातात असं माझं मत. पटत नसेल तर वापरा, पाय तुमचे.

शिवणटाका

चर्चा छान चाललीय, पण कोणी ताईंना सोलबद्दल विचारलं का? 2013 चे बूट आहेत म्हणता. मेणाची डबी मागवू नका अजून.

बूट हातात घ्या आणि बाजूने बघा. खाली काळं रबर असेल, व्हायब्रम कंपनीचा सोल असेल तर त्यावर पिवळा अष्टकोनी शिक्का दिसेल. ते रबर टिकतं. चामडं आणि रबर यांच्या मध्ये स्पंजासारखा जो थर असतो तो बहुतेक वेळा पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू फोमचा. हवेतला ओलावा त्या फोमची साखळी हळूहळू तोडतो, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट घातला नाही, खोक्यात जपून ठेवला, तरी ते थांबत नाही. साधारण 5 ते 10 वर्षांत फोम खचतो, आणि गरम-दमट हवेत लवकर. मुंबईचा माळा यासाठी अगदी आदर्श जागा. वरून बूट नवा दिसतो, म्हणून तर माणूस फसतो.

आमच्या ग्रुपमधल्या एकाचा सोल राजमाचीहून कोंढाण्याच्या लेण्यांकडे उतरताना गेला. आधी टाच उघडली, मग अख्खा सोल पुढच्या टोकाला लोंबायला लागला, आतून ओल्या बिस्किटासारखा चुरा. बुटाची नाडी काढून सोल आडवा बांधला, ती दर थोड्या वेळाने दगडावर घासून तुटायची. शेवटी छत्रीचा पट्टा बांधून कोंढाण्यात उतरला. तिथे निदान गाव जवळ होतं. बर्फात हे झालं तर?

तर टाचेच्या बाजूला त्या फोममध्ये अंगठ्याचं नख जोरात दाबा. मग बूट दोन्ही हातांनी वाकवून फोमवर बारीक भेगा उघडतात का बघा. रबरासारखा परत आला, चुरा नाही, चिकटपणा नाही, तर ठीक.

भिजकी_वाट

नख दाबलं. उजव्या टाचेला नखाची खूण तशीच राहिली आणि पिवळट भुगा हाताला लागला. डाव्याला भुगा नाही, पण वाकवल्यावर केसासारखी भेग दिसते. चामडं मात्र खणखणीत आहे हो! टाकवत नाही. मोचीकाकांना दाखवलं तर म्हणाले सोल्युशन मारून देतो.

शिवणटाका

सोल्युशन कशाला मारणार? फोमच कुजलाय, चिकटवलेलं त्याच भुग्यासकट निघून येईल. जुना थर चामड्यापर्यंत खरवडून पूर्ण काढायला हवा आणि नवा लावायला हवा.

तुम्ही भांडुपला आहात, कुर्ला जवळ पडेल. ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला-बुटांचे कारखाने आहेत, तिथे नुसते वरवरचे नाही तर अख्खे सोल बदलणारे कारागीर सापडतात. सांगताना स्पष्ट सांगा: मधला थर पीयूचा नको, ईव्हीए (दुसऱ्या प्रकारचा फोम) किंवा पूर्ण रबर द्या, चिकटवायला पीयू अ‍ॅडेसिव्ह वापरा आणि कडेने शिलाई मारा. शिलाई जाड दोऱ्याची आणि चामड्यातून आरपार जाणारी हवी. दिसायला रांगडी दिसते, दिसू दे.

आणि म्हणूनच म्हटलं मेण आत्ता नको. मेण किंवा तेल मुरलेल्या चामड्यावर कुठलाही गोंद धरत नाही. आधी बुरशी काढा, बूट वाळवा, मग सोल, आणि मेण सगळ्यात शेवटी. तेव्हाही सोलच्या जोडाच्या अगदी कडेला चोपडू नका.

ऊन_सावली

केदारकंठ्याला मात्र पहिल्याच फेरीत हे बूट नेऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत चालत जा-या, मग एखादा लांब ट्रेक करा. सोल टिकला तर न्या. नाहीतर सांक्रीला, जिथून ट्रेक सुरू होतो, बूट भाड्याने मिळतात.

दोन_लोकल

वाळवण्याचं कोणी सांगितलंच नाही. घरी आल्या आल्या चिखल धुवा, तो बुटावरच सुकला की चामड्यातलं तेल ओढून घेतो. तुंबलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर साबण लावून धुवा, हातमोजे घालून. लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या जंतूंचं) पाणी असतं ते. नाड्या आणि आतला सोल काढा, जीभ पार पुढे ओढा, आत रद्दीचे बोळे कोंबा. पहिल्या तासात बोळा लगदा होतो, तेव्हा बदला, मग दर दोन-तीन तासांनी. बूट पंख्याखाली, आडवा. एसी असेल तर ड्राय मोडवर त्या खोलीत. गॅसजवळ, गीझरवर, कडक उन्हात नको. ओलं चामडं तापलं की आकसतं आणि तडकतं. फ्रिजच्या मागची ऊब सौम्य असते, चालते. सासूबाईंचं तुम्ही बघा.

भिजकी_वाट

सगळ्यांचे आभार. फ्रिज बाद, बेडरूमच्या पंख्याखाली जागा मंजूर झालीय. व्हिनेगरने आज पुसून घेते, पाऊस उघडला की कुर्ल्याला जाते. पेबला अ‍ॅक्शन.

शिवणटाका, कारागिराकडे बूट देताना आणखी काय बघू?

शिवणटाका

देण्याआधी दोन्ही बुटांचे चारी बाजूंनी फोटो काढा. घेताना जाड मोजे सोबत न्या, दोन्ही बूट घालून तिथेच रस्त्यावर थोडं चाला. दोन सोलांच्या उंचीत फरक असेल तर गुडघ्याला लगेच कळतं. मग शिलाईचा दोरा आतून तळव्याला टोचत नाही ना ते हात घालून बघा, टोचत असेल तर ठोकून घ्या. पैसे त्यानंतर.