दहशतवादविरोधी फतवे मशिदीपर्यंत पोचतात का?

राजवाडा_वाचक: इंदूरच्या आमच्या वाचक मंडळात 'उलेमा (इस्लामी धर्मपंडित) आणि मध्यममार्गी इस्लाम' यावर चर्चा ठेवतोय. आधी वाचायला काय द्यावं? आणि उलेमांच्या दहशतवादविरोधी फतव्या-जाहीरनाम्यांनी फरक पडतो का?

माळवी_माणूस: दोन पुरेत, गठ्ठा दिलात तर कुणी उघडणार नाही. पहिला, 2004 चा अम्मान संदेश, म्हणजे जॉर्डनच्या राजाच्या पुढाकारानं निघालेला जाहीरनामा. त्याचं मर्म 2005 च्या तीन कलमांत आहे: चार सुन्नी, दोन शिया, इबादी आणि जाहिरी असे आठ मजहब (धर्मकायद्याचे पंथ) मान्य, त्यांच्या अनुयायांना काफिर ठरवायचं नाही, पात्रता नसेल त्यानं फतवा द्यायचा नाही. जिहादी गट इतर मुसलमानांना आधी काफिर ठरवतात आणि मगच मारतात, म्हणून त्यांच्यावरचा खरा घाव दुसऱ्या कलमाचा आहे. दुसरा, देवबंदच्या दारुल उलूम या मदरशाचा मे 2008 चा दहशतवादविरोधी फतवा, दिल्लीच्या रामलीला मैदानावर जाहीर झालेला.

स्नेहलतागंज: पोचण्याचं म्हणाल, तर रचना बघा. सुन्नींत फतवा म्हणजे विद्वानाचं मत. दुसऱ्या मसलकाची (उपपंथाची) मशीद तो बाजूला ठेवू शकते. बोहरा या शिया पंथाचं उलट: सैयदनांचा, म्हणजे त्यांच्या धर्मप्रमुखांचा आदेश आमिलामार्फत (स्थानिक प्रतिनिधीमार्फत) थेट जमातीत उतरतो. इंदुरात दोन्ही नमुने शेजारी-शेजारी आहेत. शिवाय आपल्याकडे जुम्म्याचा खुतबा (शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन) बहुधा अरबीत असतो. लोकांना कळतं ते त्याआधीचं उर्दू बयान (भाषण), आणि त्याचा विषय इमाम ठरवतो. वक्ता म्हणून असाच बयान करणारा इमाम बोलवा. फक्त शुक्रवारची दुपार टाळा!

जुनी_इंदूर: मोरोक्कोनं नेमकं हेच हेरलं. 2003 च्या कॅसाब्लांका स्फोटांनंतर इमामांच्या प्रशिक्षणावर भर दिला, 2006 पासून मुर्शिदात म्हणजे स्त्री-मार्गदर्शक नेमल्या (नमाजाचं नेतृत्व त्या करत नाहीत), 2015 मध्ये रबातला संस्था उघडली. तिथं राजाच धर्मप्रमुख, म्हणून जमलं. इतरत्र सरकारनं पढवलेला इमाम 'सरकारी' ठरतो. तरुण त्याला सोडून मोबाइलवरच्या मौलवीकडे वळतात.

माळवी_माणूस: एक राहिलं. हिंसेला विरोध आणि कौटुंबिक कायद्यात सुधारणा, हे दोन प्रश्न चर्चेत वेगळे ठेवा, नाहीतर सगळा काला होतो. घटस्फोटित शाहबानोचा पोटगीचा खटला आपल्या इंदूरचा, 1978 चा. 1985 मध्ये सुप्रीम कोर्टानं पोटगी मान्य केली, तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड विरोधात उभं राहिलं. बॉम्बस्फोटाचा निषेध करणारा आलिम (धर्मपंडित) पोटगीवर जुन्याच जागी असू शकतो. आमंत्रण देतानाच विचारून घ्या, तो कशावर बोलणार.