मदत हवी आहे: उद्या एकच दिवस, उणे नऊ आणि सोबत आई

गारठलेली (रात्री ९.४०)
उद्याचा एकच दिवस हातात आहे, परवा पहाटे निघायचंय. सकाळी उणे ९ दाखवतंय. पूल, किल्ला, घड्याळ एवढं तरी झालंच पाहिजे. सुरुवात कुठून करू? 'हॉटेलातच बसा' हा सल्ला नकोय, तो नवऱ्याने फोनवर देऊन झालाय. लवकर सांगा, आई झोपायच्या आत ठरवायचंय.

तिरसट
गाव कोणतं ते सांगाल का? पूल आणि किल्ला आमच्या साताऱ्यातही आहे.

गारठलेली
प्राग हो! घड्याळ म्हटल्यावर कळत नाही का?

तिरसट
घड्याळ बर्नलाही आहे.

कोथिंबीरवडी
आईंचं वय? गुडघे? आणि पायात काय घालणार?

गारठलेली
६८. जिना आला की गुडघे कुरकुरतात. पुण्याहून आणलेले चालायचे बूट आहेत, आत दोन जोड मोजे. तरी आज संध्याकाळी बोटं बधिर झाली म्हणत होती.

कोथिंबीरवडी
दोन मोज्यांमुळेच! बूट घट्ट झाला की आत हवा राहत नाही आणि ऊब त्या हवेनेच टिकते. लोकरीचा एकच मोजा घाला, बोटं आत हलली पाहिजेत.
चार हिवाळे तिथे काढलेत म्हणून सांगते, किल्ल्यावर पायी चढू नका. नेरुदोवा गल्ली दिसते गोड, पण चढ आहे आणि दगडांवर बर्फाचा पापुद्रा असतो. २२ नंबरची ट्राम घेऊन 'प्राझ्स्की ह्राद'ला उतरा, तिथून जवळजवळ सपाट आहे. कागदी तिकीट असेल तर पिवळ्या यंत्रात छापून घ्या. आधी किल्लाच, कारण हिवाळ्यात आतल्या इमारती ४ ला बंद होतात.

भटक्या_काका
साफ चूक. चार्ल्स पूल पहाटेच पाहावा. १३५७ साली काम सुरू झालं, तीस पुतळे, आणि त्या वेळी पुलावर चिटपाखरू नसतं. मी उणे १५ मध्ये तासभर फोटो काढले. संत नेपोमुकच्या पुतळ्याखालच्या धातूच्या पट्टीला हातमोजा काढून हात लावा, माणसांच्या हातांनी ती सोन्यासारखी चकचकीत झालीय. मग गरम मसालेदार वाइन घ्या, थंडी पळते.

कोथिंबीरवडी
काका, अर्धा किलोमीटरचा पूल, खाली नदी, वर वारा, आडोसा कुठेच नाही. ६८ वर्षांच्या बाईंना पहाटे तिथे उभं करायचं? किल्ला झाला की तीच ट्राम उलटी पकडून मालोस्त्रान्स्के नामेस्तीला उतरा. पूल भर दुपारी, उन्हात.

गोळीबंद_डॉक्टर
वाइनने थंडी पळत नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात अंगातली ऊब जास्तच बाहेर जाते. त्यापेक्षा घट्ट हॉट चॉकलेट घ्या.

खादाडखाऊ
आणि त्र्देल्निक! काठीला गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला गोड पाव, वर साखर-दालचिनी. खास जुना चेक पदार्थ.

तिरसट
जुना फक्त पाटीवर. मूळ स्लोव्हाकियातल्या स्कालित्साचा, तिथल्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही आहे. प्रागमध्ये तो पर्यटकांसाठी.

खादाडखाऊ
मानांकन खायचंय का? गरम असतो ना!

नवा_सभासद
व्हिसा किती दिवसांत मिळाला? मी मे महिन्यात जाणार आहे.

भटक्या_काका
क्लेमेंटिनम, म्हणजे जुन्या ख्रिस्ती महाविद्यालयाची इमारत आणि तिचा मनोरा, चुकवू नका. १७७५ पासून तिथे रोजच्या तापमानाची नोंद ठेवतात. उद्याचे उणे नऊही वहीत चढतील!

कोथिंबीरवडी
त्या मनोऱ्याला अरुंद जिने आहेत. गुडघे वाचले नाही का तुम्ही? वरून शहर बघायचं तर घड्याळाच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. घड्याळ १४१० चं. सकाळी ९ ते रात्री ११, दर तासाला सांगाडा दोरी ओढतो आणि खिडक्यांतून येशूच्या शिष्यांचे (प्रेषितांचे) पुतळे फिरतात. मिनिटभरात सगळं संपतं. पाचच मिनिटं आधी जा, अर्धा तास कुडकुडत उभ्या राहू नका. उद्या शनिवार, ज्यू संग्रहालय बंद.

गारठलेली (दुसऱ्या दिवशी, दुपारी १.५०)
मोबाइल बाहेरच्या खिशात होता, ४० टक्क्यांवर असताना मेला. आता कॅफेत चार्जिंगला लावलाय. एका मोज्याने काम केलं, कोथिंबीरवडीताई, थँक्यू. किल्ल्यातल्या सेंट व्हिटस चर्चमध्ये रंगीत काचांतून आलेलं ऊन फरशीवर पडलं होतं. आई बूट त्या लाल पट्ट्यात ठेवून उभी राहिली, म्हणाली इथे गरम लागतंय. हलेचना. म्हणून पूल अर्धाच झाला, वाऱ्याला घाबरून परत फिरलो.
आता तातडीचं: चेस्नेच्का म्हणजे लसणाचं सूप ना? शाकाहारी असतं का? वेटर समोर उभा आहे.

तिरसट
पाणी पुष्कळदा मांसाचं असतं, वर हॅमचे तुकडेही टाकतात. स्वयंपाकघरात विचारायला सांगा. आणि तुम्ही शाकाहारी हे काल का नाही सांगितलंत?

गारठलेली
मी नाही, आई! विचारलं. मांसाचंच आहे. तळलेलं चीज मागवलंय, आई म्हणते वडापावसारखं लागतंय.

खादाडखाऊ
सोबत त्र्देल्निक मागवा.