‘मराठीला महाकाव्य नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

पट्टणकोडोलीकर: कालची पोस्ट वाचली. ‘ग्रीकांकडं इलियड, फिनलंडकडं कालेवाला, मराठीकडं पोवाड्याची आरडाओरड.’ तेव्हापासनं डोकं ठणकतंय. कालेवाला काय आभाळातनं पडलं? एलियास लेन्रोट हा डॉक्टर गावोगाव हिंडला, लोकांकडनं गाणी उतरवून घेतली, सांधली आणि १८३५ ला छापली. त्याआधी ती सुटी गाणीच होती. आमच्या धनगरांत बिरोबा देवाची ओवी रात्रभर चालते. एकजण कानावर हात ठेवून ओळ उचलतो, बाकीचे झेलतात, मग गाणं थांबवून तीच कथा बोलून सांगतात. माझ्या आजाला सही येत नव्हती, पण पहाटेपर्यंत ओवी अडत नव्हती.

राजारामपुरीकर: रात्रभर चाललं म्हणजे महाकाव्य होत नाही. इलियडच्या साडेपंधरा हजारांवर ओळी अकिलीस या एका योद्ध्याच्या रागाभोवती बांधल्यात. तशी बांधणी दाखवा. आणि पोवाडा? शाहीर अज्ञानदासाचा अफझलखान वध, प्रसंग १६५९ चा. एक प्रसंग, संपला विषय.

शिवाजी पेठ: पोवाड्याला नावं ठेवायचं काम नाही! आखूड केला कुणी? पोरीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. शाहिरांनी शेकोटीवर डफ तापवला, मागं साथ देणारे झीलकरी ‘जी जी रं जी’ करायला उभे राहिले, तोवर बाई म्हणाल्या, पाच मिनिटांत उरका. खान प्रतापगडाच्या पायथ्याला पोचलाच नाही. पोरगी घरी येऊन विचारते, पुढं काय झालं?

राजारामपुरीकर: विषय काय, तुम्ही बोलताय काय?

शिवाजी पेठ: विषय हाच! मागच्या साली पण असंच केलं. नाचाच्या गाण्यांना मात्र घड्याळ नाही.

कसबा बावडा: पेठेचं बरोबर आहे. ऐकणाऱ्याला सवड नसेल तर गाणारा लांबवणार कुठनं? १९३५ ला मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं युगोस्लाव्हियात अव्दो मेजेदोविच या गायकाकडनं १२,३११ ओळींचं एकच गाणं उतरवून घेतलं. अव्दो निरक्षर होता, खाटकाचा धंदा करायचा. पॅरी ‘उरका’ म्हणाला असता तर?

राजारामपुरीकर: पॅरीचं मान्य, नाइलाजानं. पण ओवी कुणी उतरवली?

पट्टणकोडोलीकर: जर्मनीचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर धनगरांत हिंडले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. आपण काय केलं? माझ्या आजाची ओवी त्याच्याबरोबर गेली. मला त्यातल्या चारच ओळी येतात, त्याही मागंपुढं होतात.

राजारामपुरीकर: आजोबांचं वाचून वाईट वाटलं. बांधणीचा मुद्दा तरी सोडत नाही. तुमच्या बिरोबाच्या जत्रेला येतो, पहाटेपर्यंत बसतो, मग बोलू.

शिवाजी पेठ: येताना त्या बाईंनाबी घेऊन या.