दुसरा नंबर कुणाला? ऑस्ट्रेलियातल्या मतदारांचे अनुभव (अनुभव धागा, २०२५ च्या निवडणुकीचा)

वेस्टमीडकर

३ मे २०२५ ला फेडरल, म्हणजे देशाच्या संसदेची निवडणूक आहे, अर्ली व्होटिंग सुरू झालंय, आणि सध्या देवळात म्हणा क्रिकेटच्या मैदानावर म्हणा एकच विषय चाललाय, कुठल्या पक्षानं दुसरा नंबर कुणाला दिला. इथे एकाच नावापुढे खूण न करता उमेदवारांना पसंतीनं १, २, ३ असे नंबर द्यायचे असतात; कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली की तळाच्या उमेदवाराची मतं पुढच्या नंबरवाल्याकडे जातात, त्यालाच प्रेफरन्स म्हणतात. आणि कुणाला कितवा नंबर द्या हे सुचवणारं कार्ड प्रत्येक पक्ष वाटतो. लिबरलांच्या (उजवीकडचा मोठा पक्ष) बऱ्याच मतदारसंघातल्या कार्डांवर यंदा वन नेशन (पॉलिन हॅन्सन यांचा स्थलांतरविरोधी पक्ष) दुसऱ्या नंबरवर आहे, वन नेशननंही काही ठिकाणी आपली कार्डं बदलून लिबरलांना वर घेतलंय, आणि मेलबर्नच्या मॅकनमारा मतदारसंघात लेबरनं (डावीकडचा मोठा पक्ष) ग्रीन्सचं (पर्यावरणवादी पक्ष) नाव पुढे न करता ओपन तिकीट, म्हणजे दुसरा नंबर कुणालाच न सुचवणारं कार्ड काढलंय.

लोक म्हणतात यांनी आपसात साटंलोटं केलं आणि आमची मतं परस्पर वळवली. हाउसच्या, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या खालच्या सभागृहाच्या हिरव्या मतपत्रिकेबाबत तरी हे खरं नाही, तिथला प्रत्येक आकडा आपण आपल्या हातानं लिहितो, पक्षाचं कार्ड म्हणजे नुसता सल्ला. पण कार्ड बघून जसंच्या तसं उतरवणारेही पुष्कळ आहेत, त्यामुळे या डीलला काही अर्थच नाही असंही म्हणवत नाही. मला स्वतःला वाटतं की आकडे आपणच ठरवावेत आणि मनापासून ठरवावेत. तुमचे अनुभव लिहा. कुणाला मत द्या हा प्रचार मात्र नको.

पॉइंटकुकची ताई

मी गेले काही दिवस अर्ली व्होटिंगच्या सेंटरबाहेर कार्डं वाटतेय, पक्ष सांगत नाही कारण इथे प्रचार नको म्हटलंय. दारापासून सहा मीटरच्या आत आम्हाला यायला बंदी असते, त्यामुळे सगळ्या पक्षांची माणसं त्या रेषेबाहेर दाटीवाटीनं उभी असतात आणि मतदार दिसला की दहा हात पुढे होतात. बहुतेक लोक एकच कार्ड घेतात, आपल्या पक्षाचं, आणि सरळ आत जातात.

परवा एक आजोबा आले, मराठीच, मुलाकडे आले ते इथलेच झाले. त्यांनी सगळ्यांकडून कार्ड मागून घेतलं, बाजूच्या बुटक्या भिंतीवर एकाशेजारी एक मांडलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून चष्म्याची डबी आणि किल्ल्या वर ठेवल्या आणि बोट फिरवत बघत बसले. मी विचारलं काका काय शोधताय, तर म्हणाले, पहिला नंबर सगळे स्वतःलाच देणार ना ग, मला बघायचंय शेवटी कुणाला टाकलंय. चांगली पंधरा-वीस मिनिटं लागली त्यांना. आत जाताना सगळी कार्डं ज्याची त्याला परत दिली. असं करणारा माणूस मला रोज एखादाच भेटतो, आणि प्रत्येक वेळी फार बरं वाटतं.

जुना सिडनीकर

आत्ताच्या कार्डांवरून रागावणाऱ्यांनी २०१३ ची सेनेटची (संसदेचं वरचं सभागृह) निवडणूक आठवावी. १९८४ पासून तेव्हापर्यंत सेनेटच्या पांढऱ्या कागदावर आडव्या रेषेच्या वर (तिथे पक्षांचे चौकोन, खाली एकेका उमेदवाराचे) एकाच चौकोनात १ लिहिलं की तुमचं काम संपलं, पुढचे सगळे नंबर त्या पक्षानं आधीच निवडणूक आयोगाकडे देऊन ठेवलेल्या यादीप्रमाणे जायचे. म्हणजे खरोखरच परस्पर. रेषेखाली स्वतः नंबर घालायची मुभा होती पण मग जवळजवळ सगळे उमेदवार भरायचे, आणि २०१३ ला न्यू साउथ वेल्समध्ये ११० उमेदवार होते! कागद एक मीटरहून रुंद, छपाई इतकी बारीक की बूथवर प्लास्टिकची भिंगं ठेवली होती. पुठ्ठ्याच्या त्या अरुंद आडोशात कागद पूर्ण उलगडायलासुद्धा जागा पुरत नव्हती, एक बाजू दुमडायची, दुसरी उघडायची, आणि शेजारच्याच्या आडोशात आपला कागद घुसू नये म्हणून सांभाळायचं.

त्याच वर्षी व्हिक्टोरियातून मोटरिंग एन्थुझियास्ट पार्टीचे रिकी म्युअर ०.५१ टक्के पहिल्या पसंतीवर सेनेटर झाले. माणूस म्हणून ते प्रामाणिक होते, पुढे त्यांचं काम अनेकांना आवडलंही, पण त्यांना पोचलेली मतं ज्यांनी दिली त्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं की आपलं मत तिथे चाललंय? त्याआधी २००४ मध्ये फॅमिली फर्स्टचे स्टीव्ह फील्डिंग दोन टक्क्यांच्याही आत पहिली पसंती घेऊन आले ते लेबरच्या प्रेफरन्सवर, आणि तेव्हाचे कितीतरी लेबर मतदार अजून त्यावरून चिडतात. २०१६ ला कायदा बदलला, आता रेषेच्या वर निदान ६ नाहीतर खाली निदान १२ नंबर आपण स्वतः द्यायचे. हा बदल मला या देशातल्या लोकशाहीतला फार मोलाचा वाटतो.

इप्सविचची लेक

मी इथे शाळेत होते तेव्हा १९९६ ला आमच्या ऑक्स्ली मतदारसंघातून पॉलिन हॅन्सन निवडून आल्या. एशियन लोकांचा लोंढा देश बुडवणार या अर्थाचं त्यांचं पार्लमेंटमधलं पहिलं भाषण, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्याकडे वळलेल्या नजरा, दोन्ही माझ्या डोक्यात एकत्रच आहेत. १९९८ च्या जूनमध्ये क्वीन्सलँडच्या राज्याच्या निवडणुकीत लिबरल आणि नॅशनल पक्षांनी हॅन्सन यांच्या वन नेशनला वरची पसंती दिली आणि त्या पक्षाचे ११ आमदार आले. आमच्या घरी त्या रात्री बाबांनी टीव्ही बंद केला आणि कुणीच काही बोललं नाही.

मग ऑक्टोबरात फेडरल निवडणूक झाली. हॅन्सन शेजारच्या नव्या ब्लेअर मतदारसंघात उभ्या होत्या, त्यांना पहिली पसंती जवळजवळ ३६ टक्के, बाकी सगळ्यांपेक्षा जास्त. पण लेबर आणि लिबरल दोघांनीही त्यांना एकमेकांच्याही खाली ठेवलं होतं, आणि तिसऱ्या क्रमांकावरचे लिबरल कॅमेरॉन थॉम्प्सन प्रेफरन्सवर निवडून आले. दोन्हीकडे पसंतीक्रमाचंच मत, चार महिन्यांत दोन वेगळे निकाल, मोठा फरक कार्डावर कोण कुठे होतं याचा. म्हणून कुणी मला म्हणालं की अगं दुसरा नंबर नुसता कागदावरचा असतो, तर मला ते पटत नाही, कधी पटणारही नाही.

हिल्स डिस्ट्रिक्ट

ताई, तुमच्या भावना समजतात, पण दुसरी बाजू मांडतो. मी वर्षानुवर्षं लिबरलांना मत देतोय, माझा छोटा धंदा आहे, दुसरा नंबर म्हणजे त्या पक्षाच्या सगळ्या बोलण्याला होकार असा अर्थ मी घेत नाही. पद्धतच अशी आहे की हाउसच्या कागदावर सगळ्यांना नंबर द्यावाच लागतो, म्हणजे ग्रीन्स आणि वन नेशन यातला कुणीतरी वर येणारच. ही पद्धत आली तीच मुळी यासाठी: १९१८ ला वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या स्वानच्या पोटनिवडणुकीत लेबरविरोधी मतं फुटली आणि लेबरचा उमेदवार जेमतेम एक तृतीयांश मतांवर जिंकला, त्यानंतर लगेच प्रेफरन्शियल व्होटिंग आणलं गेलं. आपल्याकडे युत्या निकाल लागल्यावर बदलतात, मतदाराला विचारतो कोण? इथे निदान मत द्यायच्या आधी कार्ड छापून हातात देतात. हे मला जास्त स्वच्छ वाटतं.

इप्सविचची लेक

दादा, छापून देतात हे मान्य. पण मग कार्डावर दिसतंय त्याची जबाबदारीही त्या पक्षानं घ्यायला हवी, माझं म्हणणं एवढंच आहे.

पुण्याहून मास्तर

तिकडचा मतदार नाही पण पसंतीक्रमाचं मत आम्हीही देतो, विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात. आयोगानं दिलेल्या जांभळ्या स्केच पेननंच आकडे लिहायचे, पहिली पसंती दिली की पुरे, पुढची ऐच्छिक. आणि महाराष्ट्राला जून २०२२ ची राज्यसभा आठवत असेल, सहाव्या जागेवर शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची मतं जास्त होती आणि आले भाजपचे धनंजय महाडिक, दुसऱ्या पसंतीवर. तिथे मत देणारे आमदार होते, गणित करूनच बसलेले. सामान्य माणसाच्या हातात हे गणित देणं ही तुमच्या देशाची मोठी गोष्ट आहे.

ब्लॅकटाउन

मास्तरांच्या ऐच्छिकवरून एक महत्त्वाचं. न्यू साउथ वेल्सच्या राज्याच्या निवडणुकीत नुसता १ चालतो, फेडरलला हिरव्या कागदावर चालत नाही, मत बाद होतं. आमच्या भागात नव्यानं सिटिझन झालेले लोक खूप आहेत, मी ओळखीच्या प्रत्येक घरी फोन करून सांगतोय की बाबांनो सगळे चौकोन भरा. तुम्हीही सांगा.

ॲडलेड स्क्रुटिनियर

मी दोन निवडणुकांत मोजणीला पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसलोय. जांभळ्या बंड्या घातलेले आयोगाचे कर्मचारी मतपत्रिका उलगडून टेबलावर गठ्ठे करतात, आम्ही पलीकडे उभं राहून बघायचं, हात लावायचा नाही. छोट्या पक्षाचा गठ्ठा वाटायला घेतला की तिथे खरी गोष्ट दिसते. कार्डावर दुसरा नंबर एकाला सांगितलेला असतो आणि मतपत्रिकांवर नंबर चारी दिशांना गेलेले असतात. कारण सोपं आहे, छोट्या पक्षांकडे प्रत्येक बूथवर कार्ड वाटायला माणसंच नसतात, आणि त्यांचा मतदार मुळातच कुणाचं ऐकणारा नसतो. मोठ्या पक्षांचे मतदार कार्डाप्रमाणे जास्त जातात, म्हणून डीलमध्ये खरं वजन मोठ्या पक्षाच्या कार्डाला, आणि तेसुद्धा तो पक्ष त्या जागी शेवटच्या दोघांत उरला नाही तरच. शेवटी उरलेल्या दोघांच्या मतपत्रिकांवरचे पुढचे नंबर हाउसच्या निकालासाठी कुणी बघतही नाही.

सेंट किल्डा

मॅकनमाराची मतदार मी. २०२२ ला आमच्याकडे लेबर, ग्रीन्स, लिबरल तिघेही तीस टक्क्यांच्या आसपास होते, तिसरं कोण येतं यावर सगळं लटकलेलं. यंदा गाझावरून इथे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अबोला आहे, आणि लेबरचे इथले उमेदवार जॉश बर्न्स यांच्या ओपन तिकिटामागे तेच कारण आहे. माझ्या एका मैत्रिणीला तो ज्यू मतदारांना दिलेला आधार वाटतो, दुसरीला तो ग्रीन्सना दिलेला धक्का वाटतो. मला आवडलं, कारण पहिल्यांदाच कार्डानं मला सांगितलं की पुढचं तुझं तू ठरव, आणि मी रात्री जेवणं झाल्यावर सगळ्या उमेदवारांचं वाचून ठरवलं.

वेस्टमीडकर

निकालानंतर धागा वर आणतोय. लेबर ९४ जागा, पहिली पसंती ३५ टक्क्यांच्याही आत. आणि मेलबर्न मतदारसंघात ग्रीन्सचे तेव्हाचे नेते ॲडम बँट पहिल्या पसंतीत पुढे असूनही लेबरच्या सारा विटींकडून हरले, लिबरलांच्या कार्डावर लेबर ग्रीन्सच्या वर होतं. याच बँटना २०१० ला पहिल्यांदा निवडून आणलं तेही लिबरलांच्याच प्रेफरन्सनी.

हिल्स डिस्ट्रिक्ट

आमचा पक्ष साफ झोपला, वाईट वाटलं, पण मोजणीबद्दल शंका नाही. आमच्या मतांनी मेलबर्नची जागा ठरवली हे विसरू नका मात्र.

पॉइंटकुकची ताई

व्हिक्टोरियावाल्यांनी एक लक्षात ठेवा, २०२६ च्या नोव्हेंबरात राज्याची निवडणूक आहे आणि आपल्या वरच्या सभागृहाला २०२२ पर्यंत तरी ती जुनी ग्रुप तिकिटाची पद्धतच होती, जुना सिडनीकर म्हणतात तीच, रेषेवर १ लिहिलं की पुढचे नंबर पक्षाच्या यादीप्रमाणे. ती तोवर बदलली नाही तर रेषेखाली निदान ५ नंबर स्वतः घाला, तेवढ्यावर मत धरतात. मी तेव्हाही बाहेर उभी असेन, विचारा.