मंडळीच्या कामात ख्रिस्त केंद्रस्थानी कसा राहील? मदत हवी आहे

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) मागील सभेत ध्वनिक्षेपक, खुर्च्या आणि वार्षिक कार्यक्रम यांवर दोन तास चर्चा झाली; प्रार्थना मात्र सुरुवातीलाच घाईने उरकली आणि त्यानंतर येशूचे नाव कोणी घेतलेच नाही, हे माझ्या मनाला फार लागले. बायबलमधील कलस्सैकरांस पत्र 1:18 ख्रिस्ताला मंडळीरूपी शरीराचे मस्तक म्हणते, आणि प्रकटीकरणाच्या 2ऱ्या अध्यायात श्रम व धीर यांसाठी वाखाणलेल्या इफिसच्या मंडळीलाच पहिली प्रीती सोडल्याचा दोष दिला आहे. कामे सोडावीत असे मी म्हणत नाही. येशूला घरी बोलावून त्याच्या पाहुणचाराच्या कामात गुंतलेल्या मार्थेची सेवाही खरीच होती. कामांतही ख्रिस्त केंद्रस्थानी राहावा यासाठी तुमच्या मंडळीत तुम्ही नेमके काय केले, आणि कोणाचे मन न दुखावता हा विषय आमच्या मंडळीच्या वडीलजनांपुढे (मंडळी चालवणाऱ्या पुढाऱ्यांपुढे) कसा मांडावा, हे कृपया सांगाल का?