‘गुपचूप’ बदलून दिली म्हणे!

भरतीओहोटी, माहीम
काल एक फॉरवर्ड आला: ‘डॉक्टर महागडा ब्रँड लिहितात. केमिस्टने गुपचूप त्याच कंटेंटची स्वस्त गोळी दिली, तर त्याचे पाय धरा.’ खाली अंगठ्यांची रांग. त्या ‘गुपचूप’नेच माझं डोकं फिरलं.

बाबा फिटच्या गोळीवर आहेत. चौदा वर्षं काही नव्हतं. गेल्या गणपतीच्या आधी मेडिकलवाल्याने कंपनी बदलली. आईला पट्टीचा रंग खटकला, तर म्हणे ‘काकू, तेच आहे.’ ती गप्प बसली. अनंत चतुर्दशीला सकाळी बाबा स्टेशनच्या पुलावर कोसळले.

औषधविक्रीचा नियम ६५ (११ए) काय सांगतो? चिठ्ठीत शेड्यूल एच किंवा एक्सचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध असेल तर त्याच्या बदली दुसरं द्यायचं नाही, कंटेंट तोच असला तरी. स्वस्त द्या हो, पण विचारून द्या!

काउंटरमागून
ताई, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण सव्वीस वर्षं या काउंटरला उभा आहे. निम्मी गिऱ्हाइकं स्वतःच म्हणतात, ‘कुठलीही चालेल, स्वस्तातली दे.’ डॉक्टर असा ब्रँड लिहितो की तो फक्त त्याच्या दवाखान्याखालच्या मेडिकलात मिळतो. प्रिन्सेस स्ट्रीटचा अख्खा औषधबाजार पालथा घातला तरी नाही. रात्री अकराला आलेल्या माणसाला परत पाठवू? तुमचा नियम पेशंटला नाही, ब्रँडला जपतो. ऑगस्ट २०२३मध्ये डॉक्टरांनी ब्रँड नाही, जेनेरिक नावच, म्हणजे औषधाचं मूळ नाव लिहायचं असा फतवा निघाला, तीन आठवड्यांत स्थगित झाला. बोंब कोणी मारली?

पार्ल्याचा दवाखाना
मीही मारली! नुसतं जेनेरिक नाव लिहिलं की कंपनी केमिस्ट ठरवणार. ज्या पट्टीत जास्त सुटतं तीच पुढे सरकणार. छापील ९०, तुम्हाला पडते १५ला, आणि वर ‘दहा टक्के डिस्काउंट, काकू’. केवढे हे उपकार! शिवाय जेनेरिकच्या चाचणीत ८० ते १२५ टक्के चालतं, म्हणजे गोळीत वीस टक्के औषध कमी असलं तरी पास.

लॅबमधला
डॉक्टरसाहेब, निदान तुम्ही तरी हे म्हणू नका. ते गोळीतल्या औषधाचं प्रमाण नाही. औषध रक्तात किती पोचतं याची मूळ औषधाशी तुलना करतात आणि त्या आकड्याची आख्खी ९० टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे चुकीची शक्यता धरून काढलेला पट्टा, ८० ते १२५च्या आत बसावी लागते. वीस टक्क्यांनी कमी पडणारी गोळी तिथेच नापास.

खरी गोची वेगळीच. आपल्याकडे पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांना ही चाचणी सक्तीची झाली ती २०१७ला. त्याआधी परवाना मिळालेल्या कितीतरी गोळ्या अजून विकल्या जातात. अमेरिकेत कशाच्या बदली काय चालेल हे ऑरेंज बुक नावाच्या सरकारी यादीत बघता येतं. आपल्या केमिस्टने कशात बघायचं? फिटच्या काही गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन, मनोविकारावरचं लिथियम यांत तर जरासा फरकही भोवतो.

लालबागची सून
तुमचं चालू द्या. मला कोणी सांगेल का, डॉक्टर पाच गोळ्या लिहितात तर पंधराची पट्टी का गळ्यात मारतात?

काउंटरमागून
कारण कापलेली पट्टी कंपनी परत घेत नाही! उरलेल्या दहा मी खाऊ?

लालबागची सून
मग मी खाऊ? आमच्या मजल्यावरच्या आजींकडे बिस्किटांचा डबा आहे, सगळ्या बिऱ्हाडांच्या उरलेल्या गोळ्या त्यात. पोराला ताप आला की त्यातलंच अँटिबायोटिक वाटतात. आणि कधी उपकार करून कापलीत, तर तारखेचा तुकडा नेमका तुमच्याकडे राहतो.

पार्ल्याचा दवाखाना
अगदी! पेशंट नुसती चंदेरी पट्टी दाखवतात, ना नाव ना तारीख. तरी बिल मागितलं की यांचं तोंड वाकडं.

काउंटरमागून
बिल मागणारेच जीएसटी बघून ‘राहू द्या’ म्हणतात! आणि ताई, गणपतीत बाबांचं जागरण झालं होतं का? जागरणानेही फिट येते. सगळं आमच्याच माथी कशाला?

भरतीओहोटी, माहीम
लाज वाटते का विचारायला?

…हो, झालं होतं. आदल्या रात्री दोनपर्यंत मंडळात होते. न्यूरॉलॉजिस्टनेही पहिलं तेच विचारलं. झालं समाधान? पण त्यांनी दुसरं विचारलं, ‘गोळी बदलली का?’ आणि आई म्हणाली, ‘नाही, तीच आहे.’ तिला तसंच सांगितलं होतं ना! त्यावरून ते डोस वाढवायला निघाले होते. पट्टी मी दाखवली म्हणून थांबले.

काउंटरमागून
हे मात्र चुकलं त्याचं. फिटची गोळी मी स्वतः बदलत नाही, नसली तर नाही म्हणतो. बाकीच्यांसाठी बिलावर ‘विचारून बदलले’ असा शिक्का मारतो. शिक्क्याचे पैसे डॉक्टर देणार का?

पार्ल्याचा दवाखाना
त्या ९०च्या पट्टीतून काढा.

लालबागची सून
आणि माझ्या पाच गोळ्या?