उत्तर: पीडीएफ की ईपब?

'पीडीएफ सगळीकडे सारखाच दिसतो, म्हणून ब्लॉगवरच्या लेखांचं पुस्तक त्यातच द्यावं' हे मत मोठ्या पडद्यापुरतं खरं आहे. एफोर पान २१० मिमी रुंद, तर ६ इंची ई-रीडरचा पडदा जेमतेम ९० मिमी. त्यामुळे १२ पॉइंटचा मजकूर तिथे ५ पॉइंटच्या आसपास येतो. समास कापले तरी फार तर ७. जोडाक्षरं अशा आकारात वाचवत नाहीत, वाचकाच्या डोळ्यांचा विचार करायलाच हवा. ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकांसाठीच्या फाइल प्रकारात, ओळी पडद्याप्रमाणे नव्याने मांडल्या जातात. ॲमेझॉनचं ई-रीडर किंडलही २०२२ पासून मेलने पाठवलेली ईपब फाइल घेतं.

ईपब बिघडते ती बहुधा हाताने दुरुस्ती करताना. ती मुळात झिप फाइलच असते. उघडून चूक सुधारली आणि पूर्ण फोल्डर उजव्या क्लिकने पुन्हा झिप केलं, की काही रीडर ती उघडत नाहीत. कारण 'माइमटाइप' नावाची, फाइलचा प्रकार सांगणारी २० अक्षरांची फाइल आत सर्वांत पहिली आणि कॉम्प्रेस न केलेली असावी लागते. तिच्या शेवटी रिकामी ओळसुद्धा नको. म्हणून आधी ती एकटी शून्य कॉम्प्रेशनने टाकायची, मग बाकीच्या फाइली. सिगिल या ईपब संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती केली तर हे आपोआप होतं. नंतर ईपबचेक हे चुका तपासणारं साधन चालवा. देवनागरीसाठी नोटो सेरिफ देवनागरीसारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट आतच घाला, नाहीतर जुन्या रीडरवर नुसते चौकोन दिसतात.